धूर सोसत नाही, हे घरात सांग

अगं, तुझा रिपोर्ट मी नीट वाचला. ‘सीओपीडी’ हे फुप्फुसांच्या आजाराचं नाव वाचून तुझी झोप उडाली, आणि पहिला प्रश्न तू मला हाच विचारलास की, ताई, मी जन्मात विडी-सिगारेटला हात लावला नाही, मग हे माझ्याच वाट्याला का? त्याचंच उत्तर आधी देते. हा सल मनात ठेवून बसलीस तर पुढचं काही तुझ्या डोक्यात शिरायचं नाही.

आपली गावची चूल आठव. पावसाळ्यात लाकडं ओली, शेणी दमट. जाळ धरत नाही म्हणून तू उकिडवी बसून फुंकणीने फुंकायचीस, आणि दम संपला की पुढचा श्वास घ्यायचीस तो तिथेच, चुलीच्या तोंडाशी, भपकन उसळलेल्या धुरातून. डोळ्यांतून पाणी यायचं ते सगळ्यांना दिसायचं. छातीत काय जात होतं ते कुणाला दिसत नव्हतं. लग्नानंतर सासरी गॅस आला, तरी आंघोळीचं पाणी आणि भाकऱ्या बरीच वर्षं चुलीवरच होत होत्या. पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे प्राध्यापक पीटर बार्न्स यांनी २००९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात धूम्रपान न करणाऱ्यांच्या सीओपीडीवर लेख लिहिला. जगात विडी-सिगारेट ओढणारे सुमारे १०० कोटी, पण लाकूडफाटा आणि शेणींच्या धुरात राहणारे सुमारे ३०० कोटी. तेव्हा या आजाराचं जगातलं सर्वांत मोठं कारण कदाचित हा धूरच असेल, असं त्यांनी मांडलं. म्हणजे तुझं काहीही चुकलेलं नाही, बाय. घर चालवता चालवता झालेली ही इजा आहे.

आता त्या इजेसकट तुला मुंबईत राहायचं आहे, समोर पुनर्विकासाचं काम चाललेलं असताना. माझा दमा लहानपणापासूनचा, त्यामुळे या शहराच्या हवेशी माझी जुनी ओळख आहे. तुझा आजार माझ्याहून वेगळा. दम्यात आक्रसलेल्या नळ्या औषधाने बऱ्याच अंशी मोकळ्या होतात, तुझ्या तितक्या होणार नाहीत. पण वाईट हवेत दोघींची तऱ्हा एकच. धडधाकट माणसाच्या फुप्फुसांत राखीव ताकद भरपूर असते, आपल्या कमी. म्हणून ज्या हवेत तुझे मिस्टर नुसते खाकरतात, त्याच हवेत तुला जिन्यात थांबावं लागतं. यात नाजूकपणा नाही की नाटक नाही, आणि तसं कुणी म्हणालं तर ऐकून घ्यायचं नाही.

फोनवर केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं ‘समीर’ अ‍ॅप घे. त्यात आपल्या भागाचा हवेचा निर्देशांक दिसतो. १०० पर्यंत चांगला किंवा समाधानकारक, १०१ ते २०० मध्यम, २०१ ते ३०० वाईट, पुढे अतिवाईट आणि गंभीर. लोक २०० पर्यंत निर्धास्त असतात. पण त्या मध्यम पट्ट्यासमोर सरकारनेच लिहून ठेवलंय की दम्यासारखा फुप्फुसांचा आजार असणाऱ्यांना या हवेत श्वासाचा त्रास होऊ शकतो. म्हणून तुझी रेघ १०० वर. त्याच अ‍ॅपमध्ये पीएम २.५ लिहिलेलं दिसेल, म्हणजे केसाच्या जाडीच्या विसाव्या-तिसाव्या हिश्शाएवढे कण. ते नाकात, घशात अडकत नाहीत, थेट वायुकोशांपर्यंत उतरतात. त्यांची चोवीस तासांची मर्यादा आपल्याकडे ६० मायक्रोग्रॅम आहे, आणि जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली ती १५ सांगितली. एवढं अंतर आहे, म्हणून आकडा हिरवा दिसला तरी छाती जड वाटली तर छातीचं ऐक. शिवाय ते मोजणारं यंत्र तुझ्या घरापासून लांब असतं, तुझ्या खिडकीखाली फोडलेला रस्ता त्याला कुठून कळणार? सकाळी उठल्यावर खिडकीच्या कट्ट्यावरून बोट फिरवून बघ. रात्रीत बोट पांढरंफटक होत असेल तर त्या बाजूची खिडकी काम चालू असेपर्यंत बंद ठेवायची.

आता वेळेचं. तू अजूनही पहाटे साडेपाचला चालायला जातेस. पहाटेची हवा शुद्ध, हे आपण आईच्या तोंडून ऐकत मोठ्या झालो, आणि गावाला ते पुष्कळसं खरंही होतं. शहरात नोव्हेंबर ते फेब्रुवारीत ते उलटं होतं. रात्री जमिनीलगतची हवा गार होते आणि तिच्यावर उबदार हवेचा थर झाकणासारखा बसतो. गाड्यांचा धूर, बांधकामाची धूळ, कुठे जाळलेला कचरा, सगळं त्या झाकणाखाली कोंडतं. ऊन तापलं की झाकण उचलतं, आणि मुंबईत दुपारी समुद्रावरचा वारा सुटला की हवा हलते. म्हणून थंडीत तुझं चालणं दुपारी बारा ते चारच्या मधे कधीतरी. लोक म्हणतील ही काय वेळ झाली, म्हणू देत. एप्रिल-मे मात्र वेगळे. तेव्हा दुपारच्या उन्हात ओझोन वाढतो आणि उकाड्यानेही दम लागतो, तेव्हा सकाळीच जा. वेळ बदल, पण चालणं सोडू नकोस. हवा वाईट म्हणून महिनाभर बसून राहिलीस तर पायांची ताकद जाते, मग तेवढ्याच चालण्याला जास्त दम लागतो, मग आणखी बसावंसं वाटतं. ज्या दिवशी बाहेर पडायचं नाही, त्या दिवशी घरातल्या घरात फेऱ्या घाल, खुर्चीत हात न टेकता ऊठबस कर.

बाहेर पडलीस की हमरस्त्याच्या कडेने जाऊ नकोस, आतली गल्ली धर. दोन गल्ल्यांचाच फरक असतो, पण छातीला कळतो. सिग्नलला बसच्या मागे उभी राहू नकोस. मुलाच्या गाडीतून जाताना काचा बंद आणि आतलीच हवा फिरवायचं बटण सुरू. तोंडावर ओढणी बांधतेस ती नाकात धूळ जाऊ नये इतपतच कामाची, बारीक कणांना ती अडवत नाही. त्यासाठी एन-९५ मास्क हवा, तोही नाकाच्या हाडावर आणि गालांवर घट्ट बसलेला. पण घालून जीव घाबरला तर ओढूनताणून घालू नकोस. बाजूला हो, मास्क काढ, बस. कितपत झेपेल ते डॉक्टरांना विचारून ठरव.

हे सगळं बाहेरचं. मला खरं बोलायचंय ते घरातलं, कारण ते तू मला सांगत नाहीस. मागे मी आले होते तेव्हा संध्याकाळी सासूबाईंनी धूप घातला आणि घर कोंदून गेलं. तू मुकाट्याने उठून स्वयंपाकघराच्या खिडकीशी जाऊन उभी राहिलीस, आणि मी बघतेय म्हटल्यावर हसून म्हणालीस, काही नाही गं, जरा ठसका लागला. तो ठसका नव्हता. तुझे खांदे वर उचलले जात होते प्रत्येक श्वासाला.

सांग ना त्यांना. भांडून नाही, पण ठामपणे. देवाला धूर लागतोच असं नाही. फुलं वाहा, तुपाचं निरांजन लावा, त्याचा धूर उदबत्तीच्या मानाने कितीतरी कमी. सणावाराला धूप घालायचाच असेल तर गॅलरीत, दार लावून, आणि तू दुसऱ्या खोलीत. सासूबाईंची श्रद्धा मी कमी लेखत नाही. त्यांनाही कुणी सांगितलेलंच नाही की त्यांच्या सुनेच्या आजाराचं मूळ धुरात आहे आणि उदबत्ती हाही धूरच. तुझा रिपोर्ट त्यांना वाचून दाखव. नाव समजलं नाही तरी ‘चुलीच्या धुराने’ एवढं समजेल. त्या स्वतः त्याच चुलीपुढे बसलेल्या आहेत. त्यांचाही खोकला किती दिवसांचा आहे, ते एकदा तपासून घ्या, असंही सांग. जे तुला झालंय ते त्यांना नसेलच असं कशावरून?

डासांची कॉइल आजच बंद कर. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एक कॉइल जळून संपेपर्यंत ७५ ते १३७ सिगारेटींइतके बारीक कण सोडते असं आढळलं होतं. बंद खोलीत, रात्रभर, उशापाशी. मच्छरदाणी लाव. अंगाला गुंडाळल्यासारखं वाटतं म्हणून मिस्टरांना आवडत नाही, हे मला माहीत आहे. त्यांना तो आकडा ऐकव.

फोडणी घालायच्या आधी एक्झॉस्ट पंखा लावायचा, घातल्यावर नाही, आणि स्वयंपाक आटोपला तरी दहा-पंधरा मिनिटं चालू ठेवायचा. मे महिन्यात मसाल्याच्या मिरच्या घरी भाजायचं आता थांबव. वर्षाचा मसाला डंखावर करून आण, नाहीतर जाऊबाई भाजतील तेव्हा तू त्या दिवशी माझ्याकडे ये. केर काढताना उडालेली धूळ तासभर हवेत राहते, म्हणून झाडूऐवजी ओलं फडकं. दिवाळीला माळा आवरायला तू चढायचं नाहीस, रंगारी आले की तू आठवडाभर माझ्याकडे. बाथरूममध्ये अ‍ॅसिड आणि ब्लीच एकत्र ओतू नकोस, त्यातून निघणारा वायू चांगल्या माणसालाही घुसमटवतो.

आणि गॅलरीतली कबुतरं. सासूबाई त्यांना दाणे घालतात, पुण्य म्हणून. वाळलेली विष्ठा आणि पिसांची धूळ श्वासात गेली की काहींच्या फुप्फुसांना अशी सूज येते की ती पुढे कडक होत जातात. हा तुझ्या आजाराहून निराळाच आजार, आणि तुझ्या आजारावर तो नको. कबुतरांना दाणे घालण्याचं प्रकरण मुंबईत उच्च न्यायालयापर्यंत गेलं, २०२५ च्या ऑगस्टमध्ये दादरचा कबुतरखाना ताडपत्रीने झाकला गेला, तुम्ही टीव्हीवर पाहिलंच असेल. गॅलरीला जाळी बसवून घ्या. साठलेली घाण कोरडी खरवडायची नाही, पाणी मारून भिजवून काढायची, आणि ते काम तुझं नाही.

दिवाळीत मोठ्या आवाजाचे फटाके तेवढे वाईट, असं सगळे धरून चालतात. पुण्यात चेस्ट रिसर्च फाउंडेशनने फटाके मोजून पाहिले, तेव्हा सर्वांत जास्त बारीक कण निघाले ते मुलं जाळतात त्या सापाच्या काळ्या गोळीतून, त्याखालोखाल लवंगीच्या लांबलचक माळेतून. फुलबाज्याही मागे नव्हत्या. म्हणजे आवाज नाही म्हणून तू नातवाला दारात घेऊन बसतेस, तिथेच सर्वांत दाट धूर, तुझ्याच नाकाच्या उंचीवर. त्याला दुसरं कुणीतरी घेऊन बसू दे. तू आत, खिडक्या लावून.

समोरच्या कामाबद्दल तू म्हणालीस, आपण काय करणार, बिल्डर मोठा माणूस. अगं, महापालिकेने ऑक्टोबर २०२३ मध्ये बांधकामाच्या धुळीसाठी नियमावली काढली आहे. चारी बाजूंनी हिरवं कापड किंवा ताडपत्री हवी, पाडकाम करताना पाणी मारत राहायचं, राडारोडा झाकून न्यायचा, आणि ७० मीटरहून उंच इमारत असेल तर भोवती किमान ३५ फुटांचे पत्रे. तुझ्या समोर यातलं काय दिसतं? फाटलेलं कापड दिसतं, मी पाहिलंय. फोटो काढ, सेक्रेटरींना दे, सोसायटीच्या लेटरहेडवर वॉर्ड ऑफिसात अर्ज जाऊ दे, १९१६ वर तक्रार नोंदवून नंबर घेऊन ठेव. मजल्यावर आणखी किती जणींच्या घरी श्वासाच्या औषधाचा पंप आहे ते विचार, तू एकटी नसशील. या बाबतीत आपण बायका फार गप्प बसतो असं माझं स्पष्ट मत आहे. पाण्यासाठी हंडा घेऊन मोर्चा काढतो, श्वासासाठी एक अर्ज करत नाही.

पंपाची गोष्ट आता. सवय लागेल म्हणून तू तो कपाटात ठेवतेस आणि फारच झालं की काढतेस, हे मला कळलंय. पंपाची सवय लागत नाही. गोळीतून जे औषध सगळ्या अंगात जातं, ते पंपातून थोडक्या मात्रेत थेट छातीत जातं. तुला दोन प्रकार दिलेत. एक रोजचा, बरं वाटत असतानाही घ्यायचा, तोच वाईट हवेच्या दिवसांसाठी तुला तयार ठेवतो. दुसरा लगेच आराम देणारा, तो पर्समध्ये, उशाशी, नेहमी हाताशी. दाबायचा पंप असेल तर हलव, आधी श्वास पूर्ण सोड, तोंडात धरून ओठ मिट, सावकाश आत ओढायला लागलीस की दाब, आणि मग दहा आकडे मोजेपर्यंत श्वास धर. हे जमत नसेल तर पंपाला जोडायचा स्पेसर माग. त्यात औषध घशाला न चिकटता खाली उतरतं. कॅप्सूल घालून ओढायचा प्रकार असेल तर त्याला उलट, जोरात आणि खोल ओढावं लागतं. त्या कॅप्सूल पावसाळ्यात ओलावतात, डबी घट्ट लाव. रोजच्या पंपात स्टेरॉइड असेल तर नंतर चूळ भरून थुंकायचं, नाहीतर तोंड येतं.

दम लागलाच तर आधी बस. पुढे झुकून कोपर मांडीवर टेक, खांदे सैल सोड. नाकाने श्वास घे, मग शीळ घालताना करतेस तसा ओठांचा चंबू कर आणि घेतलास त्याच्या दुप्पट वेळ लावून सोड. तुझ्या छातीत हवा आत शिरते पण सगळी बाहेर पडत नाही, म्हणून सोडण्यावर लक्ष द्यायचं. हातातला छोटा पंखा चेहऱ्यावर धरलास तर घुसमट पुष्कळ कमी वाटते. रोज बरं असताना याचा सराव कर, म्हणजे घाबरलेली असताना आठवावं लागणार नाही.

शेजारीण म्हणते गूळ खा, छाती साफ होते. गूळ गोड म्हणून खा, फुप्फुसं त्याने धुतली जात नाहीत. कुंड्यांनी खोलीची हवा शुद्ध होत नाही, जीव रमतो म्हणून चार ठेव. एअर प्युरिफायर घ्यायचा विचार असेल तर हेपा फिल्टरचा, खोलीच्या आकाराला पुरेल असा, ओझोन सोडणारा नको. तो झोपायच्या खोलीत, दार-खिडकी लावून, आणि फिल्टर वेळेवर बदलायचा. ऐपत असेल तर घ्या. पण कॉइल आणि धूप चालू ठेवून यंत्र आणणं मला पटत नाही.

ज्या दिवशी हवा बिघडते त्याच दिवशी त्रास होईल असं नाही, दोन-तीन दिवसांनीही होतो. तेव्हा कफ वाढला, पिवळा-हिरवा झाला, आरामाचा पंप नेहमीपेक्षा जास्त वेळा लागला, तर सोसत बसू नकोस, डॉक्टरांना फोन कर. एक वाक्य एका दमात पुरं होत नाही, ओठ निळसर दिसतात, किंवा तू गुंगीत बोलायला लागलीस, असं झालं तर १०८. हे घरातल्या सगळ्यांना माहीत हवं. आणि पुढे घरी ऑक्सिजन द्यायची वेळ आली तर बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवरचा आकडा वाढावा म्हणून स्वतःच्या मनाने प्रवाह वाढवायचा नाही. तुझ्या आजारात बऱ्याच जणांना ८८ ते ९२ टक्के एवढंच पुरे असतं, त्याहून जास्त दिल्याने कधी गुंगी येते. तुझा आकडा कोणता ते डॉक्टरच सांगतील.

गुरुवारी डॉक्टरांकडे जाशील तेव्हा दोन्ही पंप बरोबर ने आणि त्यांच्यासमोर ओढून दाखव. हवा वाईट असेल तेव्हा कोणता पंप किती वेळा, आणि कितव्या वेळेनंतर त्यांच्याकडे यायचं, हे कागदावर लिहून माग. तो कागद फ्रीजवर चिकटव. फ्लूची लस दर वर्षीची आणि न्यूमोनियाची लस, दोन्ही विचार. वेळ दुपारची घे. आणि मिस्टरांना सोबत ने, आत बसव, म्हणजे धूप, कॉइल आणि दाणे यांबद्दल डॉक्टर काय म्हणतात ते घरी आल्यावर सासूबाईंना सांगायला तू एकटी पडणार नाहीस.